उजवा कौल

आमच्या सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. मालोजी हे नाव फक्त दोन ठिकाणी दिसायचं, मतदार यादीत आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पाटीवर, सरपंच या शब्दाच्या पुढं. पंधरा वर्षं त्या पाटीचा रंग उडाला की नवा रंग चढायचा, नाव तेच राहायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची. कडावच्या बाजारात ते शिरले की दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. दोन भावांचं बांधावरून वाजलं की ते पोलीस चौकीच्या आधी आमच्या ओटीवर यायचे. आप्पा दोघांना चहा पाजायचे, मग शेतावर जाऊन आपल्या काठीनं जमिनीवर रेघ मारायचे. ती रेघ पुढं कुणी ओलांडायचं नाही.

पण माधवी झाली आणि हा माणूस रांगायला लागला. खरोखरच रांगायचा, ओटीभर, तिच्या मागून, गुडघ्याला चटई घासून घासून. तिला ते तहसीलदारबाई म्हणायचे. "उठल्या का तहसीलदारबाई? आमची कामं अडलीत कचेरीत." आणि ती आठ महिन्यांची पोर त्यांच्या मिशीला हात घालून असा काही जोर लावायची की आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तरी सोडवून घ्यायचे नाहीत.

पुढं मी जे केलं ते ह्या रांगणाऱ्या माणसासाठी केलं. सरपंचासाठी नव्हे.

मार्गशीर्ष लागला होता. भात झोडून घरात आलं होतं, परसात पावट्याला शेंगा धरल्या होत्या, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आप्पांनी अर्ज भरला. समोर अर्ज आला रूपेशचा. हा रूपेश म्हणजे काल-परवापर्यंत आप्पांची कागदांची पिशवी घेऊन त्यांच्या मागं चालणारा पोरगा. दोन निवडणुका आप्पा बिनविरोध आले होते, त्यामुळं समोर कुणी उभं राहतं हेच त्यांना नवीन होतं. वरून ते हसत होते. "लढू दे की. माझ्याच हाताखाली शिकलाय." पण रात्रीची भाकरी अर्धी टाकून उठायला लागले.

अर्ज भरून आले त्याच आठवड्यात जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. ऋतिकनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कंपनीतून रजा काढली आणि जबरदस्तीनं त्यांना पनवेलला नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. तीन नळ्या चोंदलेल्या, त्यांतली एक जवळजवळ बंद. आठवड्याच्या आत बायपास करा म्हणाले, आजच ॲडमिट केलंत तर उत्तम.

आप्पा डॉक्टरांना म्हणाले, "बारा दिवस थांबा. मतदान झालं की येतो." जसं काही डॉक्टर त्यांच्याकडं दाखला मागायला आले होते.

घरी आल्यावर आई, माझ्या सासूबाई, त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी आप्पांना कधी उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"परवा तीन वाजेपर्यंत अर्ज मागं घ्यायची मुदत हाय म्हणं. घ्या मागं. मी पाया पडते तुमच्या."

"इंदू, येडी झालीस का? तो रूपेश गावभर सांगत फिरंल, आप्पा घाबरला."

"सांगू दे की! घाबरलेला माणूस जिता तरी राहतो."

"आप्पा, डॉक्टर काय चेष्टा करतायत का तुमची?" ऋतिक म्हणाला.

"डॉक्टर पनवेलचा. त्याला आपल्या गावचं काय ठाऊक?"

"हृदय काय गावागावाचं वेगळं असतं?"

आप्पांनी काठी उचलली आणि टेकडीकडं दाखवली. आमच्या गावामागं छोटी टेकडी आहे, तिच्यावर गावदेवीचं देऊळ. "तुमी सगळे एकीकडं, मी एकीकडं. मग तिलाच विचारू. परवा सकाळी कौल लावतो. लढू का म्हणून विचारतो. डावा दिला, तर तीनच्या आत कर्जतला जाऊन अर्ज मागं घेतो आणि तसाच पनवेलला ॲडमिट होतो. पण उजवा दिला तर कुणी एक अक्षर बोलायचं नाय. कबूल?"

आई लगेच म्हणाल्या, "कबूल." देवीवर त्यांचा आप्पांपेक्षा जास्त भरवसा होता. त्यांच्या मनात शंकाच नव्हती की देवी डावा देणार. आपल्या माणसाला ती मरायला कशी सांगेल?

मला मात्र शंका होती. मी शिळफाट्याजवळच्या गावची, बी.कॉम. झालेली. देवळात गेले की हात जोडते, पण कौल म्हणजे काय ते मी लहानपणापासून जवळून बघितलं होतं. माहेरी आमच्या घराला लागूनच देऊळ. देवाच्या दोन खांद्यांवर पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. आणि आम्ही पोरी दुपारी देवळात कुणी नसलं की हाच खेळ खेळायचो, परीक्षेत पास होणार का, नवरा गोरा मिळणार का. तेव्हाच आम्हांला कळलं होतं की पाकळी भरपूर ओली केली तर दगडाला घट्ट धरून बसते, आणि नुसती दमट लावली तर वाळून पटकन गळते. पाहिजे तो कौल आम्ही घ्यायचो. देवाला त्याचा राग आला नव्हता. निदान आम्ही सगळ्या पास झालो.

आता इथं नागू गुरव म्हातारे झालेले, त्यांचे हात कापायचे. पाकळी एकीकडं लावायला जावी आणि हात भलतीकडं जावा. आमच्या गावात गुरवाला जमत नसेल तर लेकुरवाळीचा हात चालतो, अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईचा. आधी नागूकाकांची सून लावायची, ती बदलापूरला राहायला गेली. तेव्हा कौलाच्या सकाळी तेच आमच्या दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, माझं हात बघताय ना कसं नाचतात. पाकळ्या तुमी लावा. तुमच्या घरचाच कौल हाय."

मी परसात तगरीची फुलं काढत होते. मला वाटलं, ही तर मागितल्यासारखी मिळालेली संधी. ऋतिकला सांगितलं नाही. आईंना तर नाहीच. मी काही देवीला फसवत नव्हते, मी स्वतःला समजावलं. आप्पांना कुणीतरी नाही म्हणायला हवं, आणि ते ऐकतील असं या गावात एकच तोंड आहे, तर त्या तोंडून आपण नाही म्हणवून घेऊ.

दहाच्या सुमाराला आम्ही टेकडी चढलो. आप्पा तीनदा थांबले. तिन्ही वेळा मागं वळून गावाकडं काठी करत म्हणाले, "ती टाकी बघा. माझ्या काळातली." आपण दम खायला थांबलोय हे कुणाला कळू नये म्हणून.

देवळात पंधरा-वीस माणसं जमली होती. देवी लालभडक दिसत होती, नुकत्याच न्हाऊन आलेल्या माणसासारखी. आदल्या दिवशी आप्पांनीच नागूकाकांना तेल-शेंदूर आणून दिला होता. "चांगला दाट लाव. देवी कशी टवटवीत दिसली पायजे."

मी ते बघितलं. बघितलं आणि मला काही कळलं नाही.

माधवीला आईंच्या कडेवर दिलं, हात धुतले. तांब्यात दोन पाकळ्या टाकल्या. उजवी म्हणजे देवीची उजवी, म्हणजे माझ्या डाव्या हाताकडची, हे मी मनात दोनदा घोकलं, चूक होऊ नये म्हणून. त्या बाजूची पाकळी चांगली भिजवली, पाणी निथळत होतं तशीच लावली, घट्ट बसावी म्हणून. दुसरी पदराला टिपली, जेमतेम दमट ठेवली आणि हलकेच टेकवली.

नागूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "आई, तुझं लेकरू दारात आलंय. लढू का थांबू विचारतंय. थांबायचं असंल तर डावा दे, लढायचं असंल तर उजवा दे. लपवू नको, आई."

आप्पांनी टोपी काढून डोकं टेकलं.

तेलकट ताटलीवर पाणी कसं गोळा होतं आणि पळतं, ते मी दिवसातून चार वेळा भांडी घासताना बघते. माझ्या माहेरचा देव उघड्या काळ्या दगडाचा होता. इथं बोटभर जाड तेलातला शेंदूर होता. भिजलेल्या पाकळीखालचं पाणी त्या तेलावर थांबलंच नाही. त्याचा एक टपोरा थेंब झाला, थेंब घसरला, आणि त्याच्यासोबत पाकळी घसरली. डावी दमट पाकळी मऊ शेंदरात रुतून बसली होती. हलली सुद्धा नाही.

"उजवा!" कुणीतरी ओरडलं. "आप्पा, उजवा! डोळ्याची पापणी लवायच्या आत दिला!"

घंटा वाजायला लागल्या. नागूकाका रडत होते. म्हणत होते, पन्नास वर्षांत एवढा साफ कौल बघितला नाही. आप्पांनी वर बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कसं सांगू. त्या महिन्याभरात पहिल्यांदा ते मला म्हातारे वाटले नाहीत. आईंनी देवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या ओठांचा नुसता चंबू झाला होता, लहान मुलाला कुणी उगीच मारलं की होतो तसा. पण त्यांनी कबूल केलं होतं. एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी तिथंच बोलायला हवं होतं. तीन वाजायला अजून साडेचार तास होते.

मी बोलले नाही. नंतर मी स्वतःला खूप कारणं दिली. वीस माणसांसमोर देवीच्या कौलात हात घातला म्हणून सांगितलं असतं तर सासरच्यांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आप्पांनी अर्ज तरीही मागं घेतला नसता, वगैरे. ती सगळी खरीही असतील. पण तेव्हा माझ्याजवळ एकच कारण होतं. मी घाबरले.

पुढचे अकरा दिवस आप्पा एखाद्या राजासारखे वावरले.

"देवीनं सांगितलंय, लढ. मग मला काय होणार?" हे ते इतक्यांदा म्हणाले की माधवीला बोलता येत असतं तर तिनंही म्हटलं असतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, त्यांनी सुकट मागवली. आईंनी वाढताना हात आखडला तर म्हणाले, "वाढ गं. उजवा कौल घेतलेला माणूस सुकटीनं मरतो का कुठं?" ऋतिकनं घरोघरी फिरायची यादी केली होती. ती त्यांनी बघितली आणि घडी घालून उशाखाली ठेवून दिली.

"आप्पा, वरच्या आळीत एकदा तरी जाऊन या. रूपेश तिथं रोज जाऊन बसतोय."

"बसू दे. माझी माणसं हायत ती. त्यांच्या दारात जाऊन मी मत मागायचं? पंधरा वर्षांनी?"

"मागितलं तर काय कमी होणार आहे?"

"ऋतिक, तुझा देवीवर विश्वास हाय का नाय, ते सांग."

ऋतिक उठून बाहेर गेला. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते, माझा हात परातीत तसाच राहिला.

लोकांनी त्यांना खरं सांगितलं नाही. गावाला पंधरा वर्षं त्यांना हो म्हणायची सवय होती. वरच्या आळीची माणसं ओटीवर येऊन चहा पिऊन जायची आणि म्हणायची, "आप्पा, देवीनं दिल्यावर आमी कोण?" आप्पा खूष व्हायचे. ती माणसं पायऱ्या उतरताना एकमेकांकडं बघायची, ते मला खिडकीतून दिसायचं.

मतदानाच्या चार दिवस आधी मी एकदा प्रयत्न केला. ते पाणंदीतल्या मोरीच्या कठड्यावर बसले होते, एकटे, एक हात सदऱ्याच्या आत. मी माधवीला घेऊन अंगणवाडीतून येत होते. मला बघून त्यांनी हात पटकन बाहेर काढला, पण जिभेखाली गोळी होती हे बोलण्यावरून कळलं.

"आप्पा, दुखतंय ना?"

"नाय गं. जरा बसलो."

"आप्पा, तो कौल..."

"कौलाचं काय?" त्यांनी माधवीला घेतलं, मांडीवर उभं केलं. "तुला सांगू का सुरभे, खरं म्हंजे मी भ्यालो होतो. त्या डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं ना, तवापासनं. तिनं उजवा दिला नि माझी भीतीच गेली बघ. आता कळ आली तरी मी तिला म्हणतो, ये, बस, तुझं माझ्यासमोर काय चालायचं नाय." ते हसले. "तहसीलदारबाई, बरोबर ना?"

माधवीनं मिशी धरली. मी तिला घेऊन घरी आले.

मतमोजणी कर्जतला होती. आप्पांनी गावाच्या वेशीवर बँडवाले आधीच बोलावून ठेवले होते. ऋतिक सोबत गेला होता, त्यानं मला नंतर सगळं सांगितलं. पहिल्या वॉर्डात आप्पा पुढं होते. दुसऱ्यात बरोबरी. वरच्या आळीचं मशीन उघडलं आणि सगळं फिरलं. आप्पा सत्तावीस मतांनी पडले. रूपेशनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "टाकीची मोटर उन्हाळ्याच्या आधी बघून घे. दरवर्षी जळते."

वेशीपाशी गाडी आली तेव्हा बँडवाल्यांना काही कळेना. त्यांच्यातला म्होरक्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "आप्पा, वाजवायचं का?"

"बोलावलंय तर वाजवायचंच की. मागनं रूपेशची गाडी येतेय. तिच्या पुढं वाजवा."

बँडचा आवाज आमच्या ओटीपर्यंत येत होता. आई परसात जाऊन पावट्याच्या वेलाआड बसल्या होत्या, कुणी रडताना बघू नये म्हणून. ऋतिक गाडी लावायला गेला होता. आप्पा चटईवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सुरभे, सीट गेली त्याचं काय नाय. कधीतरी जायचीच. पण देवी माझ्याशी खोटं का बोलली गं?"

"मी गाडीत तेवढाच इचार करत आलो. माझं काय चुकलं? ती चिंधी ठाऊक हाय का, कातकरवाडीतली? तुझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. रस्त्यासाठी तिचं झोपडं मी हलवलं. पावसाच्या तोंडावर. जागा दिली नंतर, पण उशिरा दिली. तिचं पोर आजारलं होतं तवा. तिनं माझ्यासमोर बोटं मोडली होती." त्यांचा श्वास अडकला, मग पुन्हा सुरू झाला. "तेच असंल. नायतर आई आपल्या लेकराला हो म्हणून खड्ड्यात कशाला पाडंल? तिला मी नको झालो."

मला वाटलं होतं मी हे पोटात ठेवून म्हातारी होईन. पण पंधरा वर्षं गावाला रेघा मारून देणारा माणूस स्वतःचे गुन्हे शोधत बसला होता, आणि गुन्हा माझा होता. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पाकळी, पाणी, पदर, शेंदूर. माहेरचा काळा दगड. काहीच ठेवलं नाही.

ते बराच वेळ भांड्यातल्या पाण्याकडं बघत राहिले. बँड लांब गेला होता.

"म्हंजे तू मला पाडायला बघत होतीस."

"पाडायला नाय आप्पा. वाचवायला."

"हं." मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं कळ आली, मी ऋतिकला हाक मारणार, तेवढ्यात दिसलं, ते हसत होते. "चार वर्षं झाली तुला ह्या घरात येऊन. भजी तळतेस, पापड तळतेस. तेलावर पाणी थांबत नाय, एवढं कळलं नाय तुला? बी.कॉम.ला काय शिकवतात गं?"

मी हसले नाही. मला हुंदका आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांनी सुद्धा कधी ठेवला नव्हता असा, पूर्ण तळवा, जड.

"म्हंजे तिनं काय सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला होता. "गप्प बसली होती बिचारी. मीच तिच्या नावानं बोंबलत फिरलो." मग भांडं तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले. "ऋतिकला सांग, उद्या सकाळी पनवेल. आता काय, मोकळाच हाय मी."

मी उठले तेव्हा म्हणाले, "आणि इंदूला हे सांगू नको. ती देवीला माफ करंल. तुला नाय करणार."

सकाळी आठला ते निघाले, ऋतिक आणि आई सोबत. पांढरा सदरा, इस्त्रीची टोपी. मला माधवीमुळं जाता येत नव्हतं. त्यांनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या गालाला बोट लावलं. "तहसीलदारबाई, रजेवर चाललोय. कचेरी सांभाळा."

दहाला पाच कमी असताना ऋतिकचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज होता. चौक गावाच्या पुढं गाडी बाजूला उभी केली होती. तो फक्त "सुरभी" म्हणाला. मग मला आईंचा आवाज ऐकू आला. त्या आप्पांना नावानं हाक मारत होत्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. "मालोजी, अवो मालोजी, डोळं उघडा ना."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी कागदावर सही करताना म्हटलं, दहा दिवस आधी आणायला हवं होतं. ऋतिकनं घरी येऊन ते मला सांगितलं. तो सहज सांगून गेला, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. त्याला काय माहीत.

दिवस झाले, तेरावं झालं. माणसं यायची आणि दारातच म्हणायची, "देवी फिरली हो." आई कुणाशी बोलत नव्हत्या. देवघरातला गावदेवीचा फोटो त्यांनी काढला आणि माळ्यावर टाकला, उपडा. नागूकाका प्रसाद घेऊन आले तर त्यांना उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं.

"तुझ्या देवीनं माझा माणूस मारला. हो म्हणाली नि मारला. घेऊन जा ते."

"वहिनी, असं बोलू नये."

"का? अजून काय नेणार हाय ती माझं?"

नागूकाका उभे राहिले. प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात थरथरत होता, खोबरं खाली सांडत होतं. मग ते पायऱ्या उतरून गेले.

मी रोज बघत होते. आई पहाटे उठायच्या, सवयीनं हात देवघराकडं जायचा, रिकामी जागा दिसली की पदरात गुंडाळला जायचा. जेवताना घास घेऊन बसून राहायच्या. मंगळवारी गावच्या बाया टेकडी चढायच्या तेव्हा आई मागचं दार लावून घ्यायच्या. नवरा गेला होता, आणि ज्या दारात जाऊन रडायचं तेही दार त्यांनी बंद केलं होतं. आप्पा म्हणाले होते, ती देवीला माफ करेल. आप्पांचा तोही अंदाज चुकला.

महिना झाला असेल. आई अंगणात पाटावर बसून, पाय लांब करून, माधवीला पायांवर पालथी घालून आंघोळ घालत होत्या. एवढं एक काम त्या अजून मन लावून करायच्या. तेलाचे हात पोरीच्या पाठीवरून फिरत होते. मी तांब्यानं पाणी देत होते.

आप्पांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

"आई, देवी खोटं बोलली नाही. तिनं काहीच सांगितलं नव्हतं. उजवी पाकळी माझ्यामुळं पडली."

त्यांचे हात थांबले. मी सांगत गेले, अगदी आप्पांना सांगितलं तसंच, त्याच क्रमानं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. माधवी पायांवरून मान उचलून बघायला लागली, पाणी का थांबलं म्हणून. माझं संपलं. आईंनी हात पुढं केला. मला कळेना. मग कळलं, तांब्या मागतायत. मी दिला. त्यांनी पाणी हातावर घेऊन बघितलं, पोरीच्या पाठीवर हळूहळू ओतलं. साबण लावला, धुतला, डोळ्यांत जाऊ दिला नाही. टाळूवर तेल घातलं, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळली. सगळं रोजच्यासारखं. आणि पोर माझ्या हातात देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागणार नाहीत एवढी काळजी घेतली.

दुपारी त्या एकट्या टेकडी चढून गेल्या. संध्याकाळी उशिरा आल्या. डोळे सुजले होते, पण त्या रडून आल्या होत्या, महिनाभरानं. रात्री जेवल्याही, पूर्ण भाकरी. ऋतिकनं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, आई जेवली म्हणून.

माझ्याशी एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, पाट मांडला, माधवीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई चुलीपुढं पाठ करून बसल्या होत्या.

"आई, पाणी काढलंय."

त्यांनी वळून बघितलं नाही. "तुझी पोर हाय. तूच घाल."

मी अंगणात येऊन पाटावर बसले. पाय लांब केले. मला हे कधी करावंच लागलं नव्हतं. माधवी माझ्या पायांवर नीट बसेना, घसरत होती, सारखी मान वळवून दाराकडं बघत होती. पाणी कढत आहे की कोमट, मला कळेना. मी पहिला तांब्या ओतला तशी ती किंचाळून रडायला लागली.

आतून पावलं दारापर्यंत आली. थांबली. बाहेर कुणी आलं नाही.

"कानावर हात धर," दाराआडून आवाज आला, कोरडा. "पाणी जाईल आत."

मी एका हातानं तिचा कान झाकला आणि दुसऱ्या हातानं पाणी ओतत राहिले.